कुत्र्याच्या पोटाला मंदी नसते म्हणे

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सात-आठ लहान वर्कशॉपचं आणि टिळकवाडीतल्या एका पेट शॉपचं जीएसटी रिटर्न मी भरतो. काम कंटाळवाणंच, दर महिन्याच्या २० तारखेच्या आधीचे चार दिवस माझा चहा कपातच थंड होतो, पण फायदा एक आहे, बेळगावात कुणाचं कसं चाललंय ते मला बाकीच्यांच्या आधी कळतं. लोक तोंडानं काहीही सांगतात, आणि आकडेही काही धुतल्या तांदळासारखे नसतात, पण खोटं बोलणारा माणूससुद्धा दर महिन्याला साधारण एकाच मापानं खोटं बोलतो, त्यामुळं चढ-उतार काही लपत नाही.

तर २०१९ चा ऑगस्ट. आमच्या भागात हा महिना लोकांना महापुरामुळं आठवतो, मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदमच फुगल्या होत्या, निपाणीच्या बाजूला हायवे बंद, कोल्हापूरला जायचं म्हटलं तर वाटच नाही. पण उद्यमबागेत त्याच्या आधीच वेगळं संकट येऊन बसलं होतं. त्या वर्षी जुलैत देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ३१ टक्क्यांनी पडली, जवळजवळ १९ वर्षांत एवढी पडली नव्हती. आर्थिक वर्ष संपलं तेव्हा व्यापारी वाहनं २८.७५ टक्के खाली, आणि त्यातले मोठे ट्रक तर ४२ टक्के. आता ट्रक पुण्यात, चेन्नईत, जमशेदपूरला कुठंही बनू दे, त्याच्या पोटातलं बिडाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, आमच्या फाउंड्रीतनं आणि त्याचं मशीनिंग आमच्या शेडमधनं जातंय, त्यामुळं तिकडं शिंक आली की इकडं न्यूमोनिया. माझ्याकडच्या एका जॉबवर्कवाल्याचा सेल दोन महिन्यांत निम्म्यावर आला, दुसऱ्यानं तीन शिफ्टची एक केली, तिसरा नुसता येऊन बसायचा आणि माझ्या कॅलेंडरकडं बघायचा.

आणि त्याच दोन महिन्यांत टिळकवाडीतल्या त्या पेट शॉपचा सेल? आहे तेवढाच. किंबहुना थोडा वरच. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, आमच्यात मंदी नाही हो. कुत्र्याला काय सांगणार, बाबा मंदी आहे, आज अर्धंच खा म्हणून?’

हे वाक्य मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. मी ते चार ठिकाणी सांगितलंही. पुढं चार-पाच वर्षं हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडातनं ऐकत आलोय, यूट्यूबवर ‘मंदीतही चालणारे दहा धंदे’ असले व्हिडिओ असतात त्यात पेट शॉप हमखास असतं, आणि नोकरी गेलेल्या पोराला सल्ला द्यायची वेळ आली की आपल्याकडचे काकालोकही आता हेच सांगतात, पूर्वी म्हणायचे रिक्षा घे, मग म्हणायचे मोबाईल रिपेअरिंग शिक, आता म्हणतात कुत्र्याच्या खाद्याचं दुकान टाक, त्याला मंदी नसते. या सल्ल्यावरच मला बोलायचंय. कारण मला तो अर्धाच खरा वाटतो, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं बुडतात.

आधी खरा अर्धा, तो कमी लेखायचा नाही.

अमेरिकेत डिसेंबर २००७ पासून जून २००९ पर्यंत मंदी होती, १९३० नंतरची सगळ्यात वाईट. २००७ ला तिथं वर्षाला एक कोटी साठ लाखांच्या आसपास गाड्या खपत होत्या, २००९ ला एक कोटी चार लाख. जनरल मोटर्ससारखी कंपनी जून २००९ ला दिवाळखोरीत गेली. ऑक्टोबर २००९ ला बेकारी १० टक्क्यांवर. आणि या सगळ्यात पाळीव प्राण्यांवरचा खर्च, हा आकडा तिथल्या पेट प्रॉडक्ट्स असोसिएशनचा आहे, २००७ ला ४१.२ अब्ज डॉलर, २००८ ला ४३.२, २००९ ला ४५.५. म्हणजे घरं जप्त होत होती, बँका झोपत होत्या, आणि कुत्र्या-मांजरांचा खर्च दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत होता. पुढं कोविडच्या वर्षात तो १०० अब्जाच्या पलीकडं गेला आणि २०२३ ला १४७ अब्जांवर. हे आकडे बघून कुणालाही वाटणारच की हा धंदा वेगळ्याच मातीचा आहे.

असं का होतं ते समजायला अर्थशास्त्र लागत नाही. खर्च दोन जातीचे असतात, पुढं ढकलता येणारा आणि न येणारा. जुनी गाडी अजून दोन वर्षं चालते, ट्रकवाला म्हणतो टायर बदलून बघू, फ्रीजचं दार दोरीनं बांधून चालतं. चड्डीसुद्धा ढकलता येते, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे एकेकाळचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन म्हणायचे की पुरुषांच्या अंडरवेअरचा खप पडला की समजा मंदी आली, कारण ती कुणाला दिसत नाही, आणि २०१९ ला आपल्याकडच्या अंडरवेअर कंपन्यांचीही विक्री मंदावली होती तेव्हा पेपरवाल्यांनी हीच गोष्ट परत काढली होती. पण घरात आणलेलं कुत्रं संध्याकाळी सहा वाजता ताटलीजवळ येऊन बसतं. त्याला पुढच्या तिमाहीचं कारण सांगता येत नाही.

आणि फाउंड्रीचं याच्या बरोबर उलटं, हे आमच्याकडच्याही खूप लोकांना नीट कळत नाही. ट्रकची विक्री ४० टक्के घटली म्हणून कास्टिंगची ऑर्डर ४० टक्केच घटत नाही. कंपनी आधी स्वतःच्या गोडाऊनमधला माल संपवते, मग तिला माल देणारा त्याच्याकडचा संपवतो, मग मशीनिंगवाला त्याच्या शेडमध्ये पडलेला, आणि हे सगळं संपेपर्यंत सगळ्यात खालच्या भट्टीवाल्याला ऑर्डर शून्य. शेड्यूल कट झालं असा एक मेल येतो, बस. गिऱ्हाईक आणि तुमच्यामध्ये जेवढे हात जास्त, तेवढा तडाखा मोठा. कुत्र्याचं खाद्य विकणाऱ्याच्या आणि कुत्र्याच्या मध्ये फक्त कुत्र्याचा मालक असतो. हा खरा फरक आहे.

आता दुसरा अर्धा.

माझं मूळ गाव येळ्ळूरच्या बाजूचं. घरी दोन म्हशी होत्या आणि टिप्या नावाचं कुत्रं होतं, कुठल्या जातीचं ते टिप्यालाच माहीत. त्याच २०१९ ला पावसानं भात झोपलं, थोरल्या भावाचं वर्कशॉपमधलं काम सुटलं, मग घरी बसून हिशेब झाला आणि एक म्हस विकायचं ठरलं. मी आईला चेष्टेनं म्हटलं, टिप्याला वीक की, उगच बसून खातंय. आई म्हणाली, ‘म्हस विकली तर पैसे येतात बाबा. कुत्रं विकून काय येणार? भाकरीचा तुकडा खातंय, खाऊ दे की.’

मला वाटतं या सगळ्या विषयातलं सगळ्यात हुशार वाक्य हेच आहे, आणि ते आईनं चुलीपुढं बसून काढलं. मंदीत म्हस जाते कारण ती किमती आहे. तीच घरची एफडी, तीच एटीएम. सरकी पेंड महागली, कडबा महागला, दूध कमी झालं, मुलीचं लग्न आलं, की दावणीकडं नजर जाते. कुत्रं राहतं कारण त्याची किंमत शून्य आणि खर्चही जवळजवळ शून्य. म्हणजे प्राणी आणि मंदी यांचं नातं बघायचं तर टिळकवाडीतलं दुकान बघून चालणार नाही, आठवडी जनावरांच्या बाजारातही जायला पाहिजे. तिथं वाईट वर्षी विकणारे जास्त आणि घेणारे कमी, भाव पडतात, म्हणजे गरज असते तेव्हाच एफडी कमी पैशात मोडते. त्यात आता महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२० च्या कायद्यापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणंच अवघड, सीमा ओलांडली तरी सुटका नाही, इतर बाबतीत एकमेकांशी न पटणारी ही दोन राज्यं या एका गोष्टीत एक आहेत. कायदा बरा की वाईट त्यात मी आत्ता पडत नाही. पण शेतकऱ्याच्या अडीअडचणीच्या पैशातला एक भाग त्यानं कमी झाला, एवढं तरी कबूल करायला काय हरकत आहे.

आणि २०२० चा मार्च आठवा. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो अशी अफवा फिरली, फार्मवर भाव किलोला पाच-दहा रुपयांवर आला, खाद्याचा खर्चही निघेना. आपल्या गोकाक तालुक्यातल्या एका पोल्ट्रीवाल्यानं सहा हजारांच्या आसपास कोंबड्या जेसीबीनं खड्डा काढून जिवंत पुरल्या, तो व्हिडिओ देशभर गेला. दोन आठवड्यांनी लॉकडाऊन लागला आणि माझ्या पेट शॉपवाल्याला रात्री अकराला फोन येऊ लागले, अमुक ब्रँडची मोठी बॅग आहे काय, कितीही लागू दे, आत्ता न्यायला येतो. त्या बॅगेवर पहिला घटक काय लिहिलेला असतो ते कधी वाचलंय? बऱ्याच वेळा चिकन किंवा चिकनचा चुरा. म्हणजे एकच कोंबडी, फार्मवर तिला कुणी घेईना आणि बॅगेत तिला मंदी नाही. मध्ये बदललं काय? पैसे देणारा माणूस बदलला.

माझं म्हणणं एवढंच आहे. धंद्याच्या अंगात मंदी न लागण्याचा गुण नसतो, तो त्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशात असतो. टिळकवाडीतल्या त्या दुकानाची बिलं मी बघतो ना, महिन्याच्या महिन्याला ठरलेली बॅग नेणारे कोण आहेत? रिटायर्ड सरकारी माणसं, ज्यांची पेन्शन एक तारखेला येतेच. कॅम्पातली लष्करातली कुटुंबं. डॉक्टर, प्रोफेसर, आणि ज्यांचा मुलगा बेंगळूरला नाहीतर पुण्यात आयटीत आहे आणि आईबाबांना सोबत म्हणून लॅब्राडोर आणून देऊन स्वतः दिवाळीला येतो असे लोक, त्या कुत्र्याचा खर्चही तोच ऑनलाइन पाठवतो. या लोकांचा पगार ट्रकच्या विक्रीवर नाही. उद्या देशातला आयटी गडगडला तर बघू त्या लॅब्राडोरच्या बॅगेचं काय होतं, तेव्हा फाउंड्री कदाचित जोरात असेल आणि पेट शॉपवाला माझ्या कॅलेंडरकडं बघत बसेल.

गरिबाचं कुत्रं कुठल्याच आकड्यात नसतं. टिप्या भाकरी, ताक आणि कधीतरी पार्ले-जीवर जगला. आता पार्ले-जीचंच बघा, ऑगस्ट २०१९ ला पार्ले कंपनीचे लोक उघड बोलले की पाच रुपयाच्या पुड्याचा खप पडतोय, असंच राहिलं तर आठ-दहा हजार माणसं कमी करावी लागतील, खेड्यातला माणूस पाच रुपयांचाही विचार करतोय. स्वस्त बिस्किटावर पूर्वी १२ टक्के कर होता, जीएसटीत १८ झाला, हे त्यांचं मुख्य दुखणं. म्हणजे त्या वर्षी पार्ले-जीवरही १८ टक्के आणि डबाबंद कुत्र्याच्या खाद्यावरही १८ टक्के. (गुरांच्या पेंडीवर शून्य, ते बरोबरच आहे.) सारखाच कर, तरी एकाचं विकणं अवघड झालं आणि दुसऱ्याचं रात्री अकरालाही गिऱ्हाईक. मग लॉकडाऊनमध्ये तोच पार्ले-जी एवढा खपला की कंपनी म्हणाली आठ दशकांत असा खप नव्हता, कारण चालत निघालेल्या माणसाला तेवढंच परवडत होतं आणि वाटणाऱ्यालाही. एकाच पुड्याचं दहा महिन्यांत दोन्ही झालं. म्हणून म्हणतो, कुठल्याही मालावर ‘मंदीरोधक’ असा शिक्का मारायच्या आधी थांबा.

बरं, मंदी न लागणारा धंदा आपल्या भागात नवीन आहे काय? निपाणीला जावा. तंबाखू आणि बिडी, दोन-तीन पिढ्या चालत आलेला धंदा. वाईट दिवसांत माणूस सिगारेट सोडून बिडीवर येतो, बिडी सोडून कुठं जाणार? मंदीत न पडणारा माल म्हणून याच्याएवढं चांगलं उदाहरण शोधून सापडायचं नाही. मग त्या हिशेबानं निपाणीतल्या बिडी वळणाऱ्या बायका केव्हाच सुखी व्हायला पाहिजे होत्या. हजार बिड्यांमागं ठरलेली मजुरी, त्यातनं खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची कपात, पाठ आणि छाती कायमची गेलेली. तंबाखूला भाव मिळेना म्हणून १९८१ ला शेतकऱ्यांना इथं महामार्ग अडवून बसावं लागलं होतं. धंदा पडला नाही हे खरंच, पण त्याचा टिकाऊपणा वरच्या वरच राहिला, वळणारीपर्यंत आणि पिकवणाऱ्यापर्यंत तो कधी खाली झिरपलाच नाही. वडगाव-खासबागच्या मागवाल्यांचं उलटं, दोन वर्षं लग्नसराई लॉकडाऊनमध्ये गेली आणि साड्या घड्या घालून पडल्या, तिथं धंदाही पडला आणि माणूसही. पण मजुराच्या बाजूनं बघितलं तर बिडी आणि साडी यांच्यात फरक किती उरतो?

पेट इंडस्ट्रीतही तेच होतं. इंडस्ट्री वर जाते याचा अर्थ त्यातला प्रत्येक जण वर जातो असं नाही. अमेरिकेत पेट्स डॉट कॉम नावाची कंपनी फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात आली आणि त्याच नोव्हेंबरात बंद झाली, जड बॅगा घरपोच द्यायचा खर्च मालाच्या किमतीला खाऊन टाकत होता. पेटको ही मोठी साखळी जानेवारी २०२१ ला १८ डॉलरनं बाजारात आली आणि २०२४ ला तिचा शेअर ३ डॉलरच्याही खाली होता, आणि लक्षात घ्या, मध्येच २०२३ चा तो १४७ अब्जांचा विक्रम झालेला आहे. उद्योगाचा आकडा विक्रमी आणि त्यातलीच नावाजलेली कंपनी जमिनीवर, दोन्ही एकाच वेळी.

आणि प्राण्यांचं? २००८-०९ ला अमेरिकेत घरं जप्त झाली तेव्हा लोक कुत्री-मांजरं मागं टाकून गेले, शेल्टर भरून गेली, त्यांना नावच पडलं फोरक्लोजर पेट्स. म्हणजे खर्चाचा आकडा वाढला तो ज्यांचं घर राहिलं त्यांनी वाढवला. ज्यांचं गेलं त्यांचं कुत्रं हिशेबातनंच गेलं. आपल्याकडं याची छोटी आवृत्ती मी बघितलीय, कोविडमध्ये घरी बसून कंटाळलेल्या लोकांनी हस्की आणले, बेळगावची हवा थंड असली तरी सैबेरिया नाही हे त्यांना मार्चमध्ये कळलं, आणि २०२२ ला ऑफिसं सुरू झाली तशी चांगल्या जातीची कुत्री गळ्यात पट्ट्यासकट वेंगुर्ला रोडला फिरताना दिसू लागली. पूर्वी हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीनं पग जातीच्या कुत्र्यांचं असंच झालं होतं. आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं आपलं मुधोळ हाउंड, घोरपडे राजांनी जपलेलं, २००५ ला टपाल तिकिटावर आलेलं, लष्करानं घेतलेलं, उन्हात सशामागं पळणारं, ज्वारीच्या भाकरीवर आणि दुधावर वाढणारं, ते २०२० ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेईपर्यंत टिळकवाडीत कुणाला नको होतं. हे थोडं विषयांतर झालं, पण मंदीत परवडणारं कुत्रं हवं असेल तर ते शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे एवढंच सांगायचं होतं.

आता ज्याच्यामुळं हे सगळं लिहायला बसलो तो पोरगा. आयटीआय टर्नर, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, आठ वर्षं काढलेला, २०१९ च्या शेवटाला त्याचं काम सुटलं. माझ्याकडं आला, ‘अण्णा, पेट शॉप टाकालोय, रजिस्ट्रेशन करून द्या.’ मी तेव्हा स्वतःच त्या दुकानदाराच्या वाक्याच्या प्रेमात होतो, मी त्याला थांबवलं नाही, ही चूक माझ्या नावावर लिहा. मुद्राचं कर्ज काढलं, गावाकडच्या रस्त्याला गाळा घेतला. लॉकडाऊन लागला पण पशुखाद्य आवश्यक वस्तूत होतं, सकाळी दुकान उघडायला मिळायचं, मग घरोघरी पिल्लं आली, २०२१ ला तर तो मला म्हणाला फाउंड्रीतली आठ वर्षं उगच घालवली. दोघंही खूश.

मग हळूहळू जे झालं ते मला त्याच्या रिटर्नमध्ये दिसत होतं आणि त्याला काउंटरवर. पहिलं म्हणजे ब्रँडच्या खाद्यावर दुकानदाराला सुटतं फार थोडं. सुटतं ते पट्ट्यावर, शांपूवर, खेळण्यांवर, ग्रूमिंगवर. आणि पैशाची चणचण आली की लोक कुत्र्याला उपाशी ठेवत नाहीत, पण शांपू बंद करतात, आंघोळ नळाखाली घालतात. म्हणजे ज्याला मंदी नाही म्हणतात तो माल पैसे देत नाही, आणि ज्यात पैसे आहेत त्याला मंदी पहिली लागते! ही गोष्ट यूट्यूबवरचा एकही माणूस सांगत नाही. सेलचा आकडा उभाच राहतो आणि आतनं दुकान पोखरलं जातं. दुसरं, मोठी बॅग ऑनलाइन स्वस्त मिळते, त्याला डिस्ट्रिब्युटरकडनं ज्या भावात पडायची जवळजवळ त्याच भावात गिऱ्हाइकाच्या दारात. मग त्याच्याकडं उरले ते सुट्टं खाद्य अर्धा किलो मागणारे, आणि ‘शनवारी देतो’ म्हणणारे. त्याचं गिऱ्हाईक टिळकवाडीतलं नव्हतं ना, त्याच्यासारखंच होतं, फाउंड्रीवालं, शेतीवालं, लेथवालं. उद्यमबागेत शिफ्ट कमी झाली की त्याची वही जाड व्हायची. आणि तिसरं, तोच सल्ला ऐकून त्याच रस्त्यावर दोन वर्षांत आणखी तीन दुकानं निघाली. कुत्री तेवढीच. कुत्र्याच्या पोटाला मंदी नसते हे खरं धरलं तरी त्या पोटाला माप असतंय की नाही?

म्हणून नोकरी गेलेल्या माणसाला ‘मंदी नसलेला धंदा टाक’ म्हणून सांगणं मला आता चुकीचं वाटतं, नुसतं चुकीचं नाही, त्यात थोडा कोडगेपणा आहे. कारण त्याच्या वाट्याची जोखीम आपण त्याच्याच डोक्यावर ठेवतो आणि वर कर्जही देतो. तो काही धंदेवाला नव्हता, चांगला टर्नर होता. २०१९ च्या त्या सहा-आठ महिन्यांत त्याला काय पाहिजे होतं? घर चालेल एवढे पैसे आणि ऑर्डरी परत येईपर्यंत वाट बघायची सोय. ऑर्डरी येतातच, फाउंड्रीचं चक्र तसंच असतं, जेवढं खोल पडतं तेवढंच वर येतं, वाईट वर्षात पोरं गेली की चांगल्या वर्षात आमचे शेडवाले मोल्डर आणि ऑपरेटर शोधत फिरतात आणि माणसं मिळत नाहीत म्हणून रडतात.

आणि अशी सोय कागदावर आहे. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर ९० दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या २५ टक्के भत्ता, कोविडमध्ये तो ५० टक्के केला. भत्ता फार नाही, आणि आयुष्यात एकदाच, म्हणजे मंदीनंही एकदाच यावं अशी अपेक्षा. तरी काही नसण्यापेक्षा बरं. पण माझ्याकडच्या आठ वर्कशॉपमधल्या एकाही कामगारानं तो भत्ता घेतल्याचं मी ऐकलं नाही. माहीतच नाही हे एक, आणि मुख्य म्हणजे अर्धी पोरं ठेकेदाराच्या नावावर, ठेकेदाराच्या कागदावर ती कधी असतात, कधी नसतात. मालक म्हणतो मी बिलात सगळं धरून देतो, ठेकेदार म्हणतो भरतो, आणि मध्ये पोरग्याचं नाव कुठंच नसतं. जिल्ह्यातल्या कारखानदारांच्या संघटना, दोन्ही भाषांतले आमदार, आमची पेपरं, मंदी आली की सगळे पॅकेज मागतात, वीजदर कमी करा म्हणतात, तेही मागावं, पण ठेक्यावरच्या पोरांची ईएसआयची नावं तपासा म्हणून एक निवेदन गेलेलं मला आठवत नाही. आमच्याकडं बोर्ड कुठल्या भाषेत पाहिजे यावर मोर्चा निघतो, मीही गेलोय त्यात, जाणार पण, तेवढीच माणसं एक दिवस याच्यासाठी उभी राहिली तर कानडी पोरगाही सोबत येईल असं मला वाटतं, कारण त्याचंही नाव त्या कागदात नाहीये.

पोरग्यानं गेल्या वर्षी परत सीएनसीवर काम धरलं, उद्यमबागेतच, ठेक्यावर. दुकान संध्याकाळी त्याची बायको बघते, आणि तिथं आता सगळ्यात जास्त खपतं ते गावठी कोंबड्यांचं खाद्य, कुत्र्याच्या बॅगा मागच्या फळीवर गेल्यात. मुद्राचे हप्ते अजून चालू आहेत. गेल्या रिटर्नच्या वेळी कागद घेऊन आला तेव्हा मी विचारलं, ईएसआयचा नंबर आला काय रे. म्हणाला, ‘ठेकेदार म्हणालाय, पुढच्या महिन्यात.’ हे तो मला तिसऱ्यांदा सांगत होता.